पन्नाशीनंतरही वजन उचलाच!

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पन्नाशीनंतरच्या व्यायामावर पानभर मजकूर होता, तो वाचला. आमच्या कमाटीबागेतल्या सकाळच्या ग्रुपवर त्याचा फोटोही फिरला आणि सगळ्यांनी अंगठे दाखवले, कारण त्यात लिहिलेलं सगळं सगळे करतच होते! रोज चाला, हलका व्यायाम करा, जड उचलू नका, जिने टाळा, गुडघे जपा. मी एकसष्ट वर्षांची, बँकेतून रिटायर झालेली, बडोद्यातच जन्मलेली बाई आहे, डॉक्टर वगैरे नाही, पण गेली काही वर्षं या विषयावर बरंच वाचलंय आणि स्वतः करतेही आहे, म्हणून सांगते की यातला चालण्याचा सल्ला सोडला तर बाकीचा सल्ला माणसाला लवकर म्हातारं करणारा आहे.

चालण्याला माझा विरोध नाही हो, आधीच सांगून ठेवते, नाहीतर ग्रुपवर माझं काही खरं नाही. चालणं हृदयाला चांगलं, शुगरला चांगलं, डोक्याला चांगलं, आणि सकाळी सहाला बागेत गेलं की चार माणसं भेटतात हा फायदा तर कुठल्या गोळीत मिळत नाही. पण आमच्याकडे झालंय असं की चाललं म्हणजे व्यायाम झाला, विषय संपला. दहा हजार पावलं झाली का, एवढंच विचारतात, घड्याळात बघतात आणि नऊ हजार आठशे असली तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये दोन चकरा मारून येतात. हा दहा हजारांचा आकडा कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो जगभर पसरला. आकडा वाईट नाही, पण त्यात मांड्यांची ताकद कुठेच मोजली जात नाही.

आणि खरी गोष्ट मांड्यांचीच आहे. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव 1989 मध्ये आलं, म्हणजे आजार जुना पण नाव अगदी अलीकडचं. शिवाय स्नायू जेवढे कमी होतात त्याहून जास्त वेगाने त्यांचा जोर कमी होतो. आपल्या स्नायूंत दोन प्रकारचे तंतू असतात, एक संथ, जे तासन्‌तास चालायला, उभं राहायला लागतात, आणि दुसरे जलद, जे एकदम झटका देऊन काम करतात, म्हणजे ठेच लागली की दुसरा पाय पटकन पुढे टाकणं, बस हलली की सावरणं. वय वाढलं की आधी हे जलदवाले वाळतात. आणि साध्या चालण्यात त्यांना काही कामच नसतं, संथवाले सगळं सांभाळून घेतात, जलदवाल्यांना जागं करायचं तर जोर लागेल असं काहीतरी करावं लागतं. म्हणून वर्षानुवर्षं रोज न चुकता चालणारा माणूसही बाथरूममध्ये सटकला की स्वतःला सावरू शकत नाही आणि मग सगळे म्हणतात, अहो, ते तर रोज चालायचे!

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचना काढून बघा. आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम, हे सगळे छापतात, तुम्हीही छापलंत. त्याच्याच पुढची ओळ मात्र गाळली जाते, की सगळ्या मोठ्या माणसांनी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, आणि 65 च्या पुढच्यांनी तर किमान तीन दिवस तोल आणि ताकद दोन्हीचा व्यायाम करावा. म्हणजे वय वाढलं की हे वाढवायचंय, आणि आपण नेमकं उलट सांगतो, आता वय झालं, बसा.

"या वयात कुठे स्नायू वाढतात" असं म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट आहे. 1990 साली बोस्टनला एका वृद्धांच्या रुग्णालयात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना मांडीचा वजनाचा व्यायाम दिला, तोही नाजूक नाही, चांगला जड. नऊ जणांनी आठ आठवडे पूर्ण केले आणि त्यांच्या पायाची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली. नव्वदी हो! आणि आपल्याकडे बावन्नाव्या वर्षी सून हातातून पाण्याची बादली काढून घेते, आणि आपल्यालाही ते आवडतं, मान मिळाल्यासारखं वाटतं.

बायकांचं तर वेगळंच आहे. पाळी गेल्यावर पहिल्या पाच-सात वर्षांत हाडं झपाट्याने विरळ होतात, हे आता बहुतेकींना माहीत आहे, पण त्यावर उपाय म्हणजे कॅल्शियमची गोळी आणि संध्याकाळचा फेरफटका एवढंच डोक्यात असतं. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठाने 58 च्या पुढच्या, हाडं कमजोर असलेल्या 101 बायका घेतल्या, त्यांतल्या निम्म्यांना घरी हलका व्यायाम दिला आणि निम्म्यांना आठवड्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास तज्ज्ञाच्या देखरेखीखाली खरंखुरं जड वजन उचलायला लावलं, जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठका, डोक्यावर वजन. आठ महिन्यांनी जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळजवळ 3 टक्क्यांनी वाढली आणि हलक्यावाल्यांची कमी झाली. आता हे वाचून कोणी उद्या गव्हाची गोणी उचलायला जाऊ नका, त्यांना आधी हळूहळू शिकवलं होतं आणि शेजारी माणूस उभा होता. पण "जड उचलू नका" हा जो आपला वेदमंत्र आहे तो किती तपासून बघायला पाहिजे हे तरी यातून कळतं.

मला सगळ्यात जास्त वाईट कशाचं वाटतं सांगू, की हे सगळं बडोद्यात सांगावं लागतंय. दांडियाबाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर माहीत नाही असा मराठी माणूस इथे नाही. राजरत्न प्रोफेसर माणिकरावांनी आपल्या मुसलमान उस्तादाचं नाव आखाड्याला दिलं, जोर, बैठका, लाठी, लेझीम, मल्लखांब शिकवला आणि मोडलेली-निखळलेली हाडं बसवणारे म्हणूनही ते प्रसिद्ध होते. योगवाले मला नेहमी ऐकवतात की आम्ही आसनं करतो, आम्हाला वजनांची काय गरज, त्यांना मी सांगते की लोणावळ्याचं कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद हे मूळचे आपल्या डभोईत जन्मलेले गुणे, आणि तेही 1907 ते 1910 माणिकरावांकडे आखाड्यात घाम गाळून मग योगाकडे गेले. पुढे 1920-21 मध्ये त्यांनी उड्डियान आणि नौलीचा शरीरावर काय परिणाम होतो ते बडोद्याच्याच दवाखान्यात एक्स-रे काढून तपासलं. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी इथला माणूस म्हणत होता की मशीन लावून बघा, आणि आज आपण व्हॉट्सअ‍ॅपवर आलं ते खरं मानतो. मराठी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंडसुद्धा इथूनच निघाले, 1936 पासून पुढे, मुजुमदारांनी संपादन केलेले. एवढा वारसा आणि आमच्या ग्रुपमधल्या किती जणींना एक बैठक नीट येते विचाराल तर बायका हसतात. अर्थात आखाडे हे पुरुषांचे, तरुण मुलांचे, तिथे पन्नाशीच्या बाईने जाऊन काय करायचं हा प्रश्न होताच, तो कोणी सोडवलाच नाही. आमच्या आज्यांना आखाड्याची गरज नव्हती ही गोष्ट वेगळी.

कारण त्यांचं घरच आखाडा होता. चूल खाली, पाटा खाली, जेवण खाली, संडास देशी, गादी खाली, दिवसातून कितीवेळा उठबस व्हायची त्याला हिशोबच नाही. मग ओटा आला, डायनिंग टेबल आलं, कमोड आला, आणि यातलं प्रत्येक चांगलंच आहे, मी काही परत चुलीपाशी जाऊन बसणार नाही, पण प्रत्येक सोयीबरोबर एकेक बैठक गेली आणि तिच्या जागी आपण काहीच ठेवलं नाही. आता तर हळदीकुंकवालासुद्धा सतरंजी नसते, प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्याने येतात. गणपतीच्या आरतीनंतर खाली बसायची वेळ आली की चाळीस-पंचेचाळीसच्या बायका भिंतीकडे सरकताना मी बघितल्यात, उठताना आधार पाहिजे म्हणून. त्यांना कोणी आजारी म्हणणार नाही, रिपोर्ट सगळे नॉर्मल.

त्यावर घरच्या घरी एक परीक्षा करून बघा, याला पैसे पडत नाहीत. हाताची घडी छातीवर, साधी बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून, 30 सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा होतं ते मोजा. 60 ते 64 वयाच्या बाईला 12 पेक्षा कमी आणि पुरुषाला 14 पेक्षा कमी झाले तर पाय कमजोर समजतात. दुसरी परीक्षा एका पायावर 10 सेकंद उभं राहायची, शेजारी धरायला काहीतरी ठेवून. ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1702 जणांवर हे करून पाहिलं होतं, ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं, 2022 साली ते छापून आलं. घाबरवायला नाही सांगत, ज्याला जमत नाही तो बहुतेक आधीच आजारी किंवा अशक्त असतो हेही त्यात आलंच. पण आमच्या ग्रुपवर मी ही परीक्षा टाकली तेव्हा जे रोज पाच किलोमीटर चालतात त्यांतलेच काही जण खुर्चीत अडकले आणि एक काका तर खुर्चीलाच नावं ठेवायला लागले.

हे सगळं कागदी वाटत असेल तर ऑगस्ट 2024 आठवा. आमची मगरींची विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, लाइट गेले, लिफ्ट बंद. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये ग्राउंड फ्लोअरच्या आजी-आजोबांना वर पहिल्या मजल्यावर न्यायचं होतं, पाणी पायरीपायरीने चढत होतं, आणि फक्त वीसएक पायऱ्यांचा प्रश्न होता. आजी चढल्या, स्वतःच्या पायाने, कठडा धरून. आजोबांना खुर्चीत बसवून चार मुलांनी उचललं, आणि त्यांना कसला आजार नव्हता, मोठं ऑपरेशन नव्हतं, फक्त जिना कित्येक वर्षांत चढलेलाच नव्हता कारण त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की जिने टाळा. मगरींच्या गावात राहून जिना टाळणं हे मला तरी परवडणारं वाटत नाही.

गुडघ्यांचं आता सांगते, कारण पत्र छापलंत तर पहिला फोन त्यावरच येईल. लोक म्हणतात ग्रीस संपलं, आता वापरू नका म्हणजे टिकतील. पण गुडघा म्हणजे स्कूटरचं टायर नव्हे, त्याच्या आतली कूर्चा दाबली-सुटली तरच तिला पोषण मिळतं आणि मांडीचा पुढचा स्नायू मजबूत असेल तर सांध्यावरचा झटका तो खातो. गुडघेदुखीवर मांडीचे व्यायाम हा जगभर पहिल्या फळीचा उपाय आहे, ऑपरेशन ज्यांना लागतं त्यांनाही आधी-नंतर हेच करायला लावतात. थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी मांडी अवघडली तर ते उलट काम झाल्याचं लक्षण. सांधा सुजला, गरम झाला, रात्री ठणकला तर मात्र थांबायचं आणि दाखवायचं. छातीत दुखतं, चक्कर येते, बीपी आटोक्यात नाही, हर्निया आहे, मणक्यात आधीच फ्रॅक्चर आहे, डोळ्याच्या पडद्याचा त्रास आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये. आणि बीपीवाल्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये, जोर लावताना सोडावा, एवढं पाळलं तरी बरंच.

मी काय करते ते थोडक्यात. खुर्चीवरून उठबस, आधी मोकळी, मग छातीशी तेलाचा पाच लिटरचा कॅन धरून. भिंतीला हात लावून जोर, मग ओट्याला, खाली जमिनीवर जायची घाई नाही. जिन्याच्या पहिल्या पायरीवर एकेक पाय चढ-उतर, उतरताना मुद्दाम हळू, कारण स्नायूवर जास्त ताण उतरतानाच येतो, पावागडला रोपवे सोडून पायऱ्या उतरलेल्यांना दुसऱ्या दिवशी हे बरोबर समजतं. दोन हातांत दोन भरलेल्या पिशव्या घेऊन ताठ चालणं. दात घासताना एका पायावर. दहा-बारा वेळा आरामात व्हायला लागलं की वजन वाढवायचं, ही एकच गोष्ट लोक विसरतात, तेच गुलाबी अर्ध्या किलोचे डंबेल वर्षभर हलवत बसतात. शेवटच्या दोन वेळा अवघड वाटल्या पाहिजेत. आठवड्यातून दोन-तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं, आणि एक फायदा म्हणजे मे महिन्यात बाहेर बेचाळीस असो की जुलैत गुडघाभर पाणी, हे पंख्याखाली होतं. बाकीचे दिवस मी पण बागेतच असते.

खाण्याचं फार लांबवत नाही. पण आमच्या ग्रुपचा रविवारचा क्रम असा की तासभर चालायचं आणि मग फाफडा-जिलबी किंवा सेवउसळ. तासाभराच्या चालण्यात दोनशे-अडीचशे कॅलरी जातात, जिलबीच्या पहिल्या दोन वेढ्यांत त्या परत येतात, येऊ देत, आनंदही पाहिजे. मला काळजी दुसरीच आहे, की आपल्या वरण-भाताच्या ताटात प्रोटीन कमी आणि वय वाढलं की बायका रात्री "मला नुसतं दूध-पोळी पुरे" म्हणतात. सरकारी संस्था वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम सांगते, म्हाताऱ्यांसाठी 1 ते 1.2 असावं असं बरेच तज्ज्ञ म्हणतात, म्हणजे साठ किलोच्या बाईला साठ-सत्तर ग्रॅम. उसळ, दही, पनीर, ताक, डाळ जरा घट्ट, अंडं चालत असेल तर अंडं. किडनीचा त्रास असलेल्यांनी विचारून.

आणि गरब्याचा विषय बडोद्यात टाळता येतच नाही. नवरात्रात साठीच्या बायका रात्री दोन-दोन तास गोल फिरतात, वाकतात, टाळ्या देतात, मला त्याचं कौतुकच आहे, हृदयाला, हाडांना, तोलाला एकदम मस्त. पण वर्षभर सोफा आणि मग नऊ रात्री, हे शरीराला कसं झेपेल, दरवर्षी दसऱ्याला कोणाचा ना कोणाचा घोटा बांधलेला असतो. दोन महिने आधी पोटऱ्या आणि मांड्या तयार केल्या, नुसतं टाचा वर-खाली केल्या तरी, तर नववी रात्रसुद्धा गाठता येते.

आजारपणातल्या आरामाबद्दल एक सांगायचं राहिलं. 1966 मध्ये डॅलसला पाच विशीतल्या तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पन्नाशीत परत बोलावून तपासलं, तर तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमश्वासाची क्षमता जेवढी घटली होती त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने घटली होती! आणि मग सहा महिने चालणं, जॉगिंग, सायकल करवून घेतलं तर वयाने गेलेलं सगळं परत मिळालं. आपल्याकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी महिनाभर पलंगावरून उठू देत नाहीत, प्रेमापोटीच, पण त्या प्रेमाने माणूस आडवा होतो. डॉक्टरांनी हिंडायला परवानगी दिली की त्या दिवसापासून हिंडू द्या.

आता मागणी. बागांमध्ये, सोसायट्यांमध्ये ओपन जिम बसवलेत, पण त्यांतल्या बहुतेक मशीनवर वजन कमी-जास्त करायची सोय नसते, झुलायचं आणि उतरायचं, लहान मुलांची मात्र छान सोय झालीये. त्यापेक्षा वेगवेगळ्या उंचीचे साधे लोखंडी बार, दोन-तीन उंचीच्या पायऱ्या आणि मजबूत बाक लावले तर खर्च कमी आणि उपयोग जास्त. शहरातल्या आखाड्यांनी, व्यायामशाळांनी दुपारी रिकाम्या वेळेत पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी एक तास ठेवावा, शिकवायला एखादी फिजिओथेरपी झालेली मुलगी, फी परवडेल अशी, पहिल्या दिवशी दहा जणी तर मीच घेऊन येते. आणि मराठी मंडळांनी ज्येष्ठांसाठी दरवेळी भजन आणि मधुमेह शिबिर ठेवण्यापेक्षा एकदा खुर्चीवरून उठायची स्पर्धा ठेवावी, बक्षीस काहीही ठेवा, बघा काय गर्दी होते ते.

तुम्हालाही एक विनंती. पुढच्या वेळी या विषयावर पान कराल तेव्हा फोटो परदेशी, पांढऱ्या केसांच्या आणि एक सुरकुती नसलेल्या मॉडेलचे नकोत. आमच्याकडे या, कमाटीबागेत सकाळी सहाला, सुटलेल्या पोटाचे, साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले हवे तेवढे मिळतील, आणि पिशव्या उचलतानाचा फोटो पाहिजे असेल तर आधी कळवा, पिशव्या मी घरून भरून आणीन.

कळावे,
एक वाचक, दांडियाबाजार, बडोदे